सातवा रकाना

गुंजने कॉलेजचा कागद सराफी काट्याच्या डाव्या पारड्यात ठेवला, कारण टेबलावर दुसरी जागाच नव्हती. सगळीकडे लोखंडी वजनं पालथी घातलेली, त्यांच्या बुडातली शिशाची भोकं वर. कागदाचं वजन ते किती. पण तो काटा केस टाकला तरी कलणारा. डावं पारडं खटकन खाली बसलं.

"नाव कमी करतायत माझं," ती म्हणाली. "उद्या सकाळी."

दुपारचे तीन वाजले होते. दोन ते चार काटेदुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली असे आणि घरचे सगळे मागच्या जिन्याने उतरून इथेच येऊन बसत, कारण वरच्या दोन खोल्यांपेक्षा इथे वारा जास्त. दादा, गुंजचे मोठे काका, आपल्या खुर्चीत होते. समोरच्या स्टुलावर मधली, म्हणजे गुंजची आई, एका वजनाच्या बुडातलं शिसं तासणीने खरवडत होती. दादांची बायको, जिला सगळं घर मोठी म्हणे, जिन्याच्या पायरीवर बसून शर्टाला बटण लावत होती. आणि दादांचा धाकटा भाऊ शटरखालून वाकून नुकताच आत आला होता. त्याला गुंजने फोन करून बोलावलं होतं, एवढ्यावरूनच दादांनी ओळखायला हवं होतं की मामला साधा नाही.

त्यांनी ओळखलं होतंच. कागदावरचा शिक्का त्यांना उलटा दिसला तेव्हाच, एक अक्षर न वाचता.

धाकट्याने कागद उचलून मोठ्याने वाचला. गरजू विद्यार्थ्यांच्या निधीतून मदत मिळावी हा अर्ज नामंजूर. कारण, कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर. थकलेली फी न भरल्यास पटावरून नाव कमी करण्यात येईल.

"मर्यादेच्या वर?" धाकटा म्हणाला. "आपलं? ह्या दुकानाचं?"

"अगं बाई," मोठी म्हणाली, "आपण श्रीमंत झालो आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही! मी आपली ह्या चपलेला तिसऱ्यांदा टाके घालतेय."

कोणी हसलं नाही. पोरगी गुरांच्या डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. जन्मली तेव्हा इतकी हलकी की आजोबांनी तिला ह्याच दुकानात तोलून पाहिलं आणि म्हणाले, ही तर सोनाराची गुंज. नाव तेच राहिलं. आता ती गुंज अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू वळवत होती. पहिल्या दोन वर्षांची फी तिच्या बापाच्या जिवाच्या भरपाईतून निघाली. मधला भाऊ ट्रक तोलायच्या वजनकाट्याखाली उतरून कमानी तपासत होता आणि वर कोणीतरी भरलेला ट्रक आणून उभा केला, त्याला सोळा वर्षं झाली. भरपाईचा शेवटचा पैसा ह्या वर्षाच्या सुरुवातीला संपला.

"कारकुनाने शून्य वाढवलं असणार," धाकटा म्हणाला. "हे लोक बसतात एका खुर्चीत आणि डोळे ठेवतात घड्याळावर. चल, मी येतो. सरळ विचारतो त्याला."

"तसंच झालं असणार," दादा म्हणाले.

हे शब्द तोंडातून कसे निघाले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस. आयुष्यात एका दुकानदाराला कधी खोटं वजन दिलं नाही, कोणी पाकीट पुढे केलं तर तेच पाकीट त्याच्या अंगावर फेकून दिलं. आणि आता पुतणीच्या डोळ्यांदेखत एका बिचाऱ्या कारकुनावर ढकलून मोकळे होत होते.

गुंजने त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून एक झेरॉक्स काढली.

"मीही त्यांना तेच म्हटलं, काका. भांडले सुद्धा. तेव्हा त्यांनी अर्जच काढून दाखवला." तिने झेरॉक्स टेबलावर ठेवली नाही, हातातच धरली. "मोठे काका, अक्षर तुमचं आहे."

सराफी काट्याचं पारडं अजून हलकेच डुलत होतं. काटा स्थिर होईपर्यंत कोणी बोलायचं नाही हा आजोबांचा नियम होता, कारण श्वासानेही पारडं हलतं. त्या वेळी नियम कोणाच्या लक्षात नव्हता, तरी कोणी बोललं नाही.

"तिप्पट लिहिलंय," धाकटा झेरॉक्सवर वाकून म्हणाला. "दादा, तिप्पट?"

"माझ्या मागे सराफ उभा होता," दादा म्हणाले.

"कोण सराफ?"

"चौकातला. त्याचे सहा काटे आहेत आपल्याकडे. मी नोटरीच्या टेबलावर अर्ज भरत होतो, तो भाडेकरार करायला आला होता. खांद्यावरून बघत होता. मी खरा आकडा लिहायला पेन टेकवलं आणि..." दादांनी हातातला चिमटा मखमलीच्या पेटीत ठेवला. "तुम्हाला नाही कळायचं. न्हाव्याला गरिबी चालते, शिंप्याला चालते. काटेवाल्याला चालत नाही. इतक्या थोड्यात हा घर चालवतो म्हटल्यावर गिऱ्हाईक पहिला विचार काय करतं? उरलेलं हा कुठून काढतो? कोणाचं पारडं जड करून देतो? दुसऱ्या दिवशी सहाच्या सहा काटे उचलून नेले असते त्याने."

"म्हणून सराफाच्या डोळ्यांसाठी माझं वर्ष?" गुंज म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर दादांना बरं वाटलं असतं.

"मला वाटलं ते तपासतात. चौकशीला येतील, दुकान बघतील, त्यांना कळेलच."

"नाही तपासत. लिहिलेलं खरं धरतात." ती थांबली. "कॉलेजच्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलंय, ज्याने अर्ज भरला त्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. काय खोटं लिहिलं, का लिहिलं, आणि खरं काय आहे. आज पाचच्या आत. पाचला खिडकी बंद होते आणि यादी वर जाते."

मोठीने दाताने दोरा तोडला. "अहो, मग बसलात काय? लिहा ना. एवढं सराफाला घाबरता, घरात मी सोळा वर्षं पोरीला दूध मोजून घालतेय त्याची लाज नाही वाटली कधी!"

"थांबा वहिनी, थांबा," धाकट्याने हात वर केला. तो विजेवरचे काटे विकायचा. गाडी होती, शर्टाच्या खिशात दोन पेनं होती, आणि घरात वाद झाला की तो नेहमी मधोमध येऊन उभा राहायचा, जणू बोहनी करायची आहे. "'मी खोटं लिहिलं' असं स्वतःच्या सहीने देणार? दोन महिन्यांनी परवान्याचं नूतनीकरण आहे. त्या फॉर्मवर काय विचारतात? कुठल्या कार्यालयात खोटी माहिती दिली आहे का? वजनमाप खात्याच्या निरीक्षकाच्या हाती हा कागद लागला तर दुकान गेलंच म्हणून समजा."

"मग?" दादांनी विचारलं.

"मग मला फी भरू द्या. ह्या सत्राची पूर्ण. आत्ता, ह्या फोनवरून." त्याने फोन काढलाही. "फक्त दुकानाचा पुढचा अर्धा भाग मला द्या. शोरूम करतो. दादा मागे बसून जुनं काम करतील, कोण आणतंय ते. किती वर्षं सांगतोय मी! पोरगी शिकेल, दुकान तगेल, खोटं-खरं काही लिहायला नको."

हे उत्तर दादांना सुचलं नव्हतं, पण ऐकताक्षणी ते इतकं सोपं वाटलं की त्यांना स्वतःचीच चीड आली. मोठीचा चेहरा पाहिला. ती आत्ताच 'लिहा' म्हणाली होती. आता तिच्या डोळ्यांत हिशेब चालू झाला होता.

"वाईट नाही," ती हळूच म्हणाली. "तसंही पुढे गिऱ्हाईक कोण येतंय."

"आणि पुढच्या सत्राला?" गुंजने विचारलं. "तेव्हा मागचा अर्धा भाग?"

धाकटा हसला. "वकिलीला जायला हवं होतंस तू."

"तुमच्या पैशांवर गेले असते तर आज दुकानाचा जिनाही तुमचा असता, काका."

मोठी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. दादांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन.

एवढा वेळ मधली एक शब्दही बोलली नव्हती. तिची तासणी शिशावर चालत होती, एकेक कीस कागदावर पडत होता, मधेच ती वजन पारड्यात ठेवून बघत होती आणि पुन्हा उचलत होती. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याचे दिवस झाल्यावर ती खाली आली, त्याच्या स्टुलावर बसली आणि त्याने अर्धं सोडलेलं वजन पुरं केलं. कोणी तिला बस म्हटलं नव्हतं. कोणी ऊठही म्हटलं नाही. दादांची नजर मंद झाली, हाताला कंप आला, तेव्हापासून बारीक काम सगळं तीच करायची. सराफाचे सहाही काटे तिच्या हातचे होते. पावतीवर सही दादांची.

तिने तासणी खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"बघू तो कागद."

गुंजने झेरॉक्स दिली. मधलीने ती उजेडाकडे धरून पहिल्यापासून वाचली. नाव, पत्ता, वडील हयात आहेत का. बोट ओळीवरून सरकत होतं. सातव्या रकान्यावर ते थांबलं.

"दादा, हे काय लिहिलंय? आईचा व्यवसाय."

दादांना आठवेना. खरोखरच आठवेना, एवढ्या सहज ते लिहिलं गेलं होतं.

"'काही नाही'," मधलीने वाचलं.

"अगं, ते तसंच लिहितात," मोठी म्हणाली. "सगळेच लिहितात."

"माझं शिसं कोण तासतं मग? काही नाही?" तिने आपले पंजे पुढे केले. बोटांची टोकं काळी, घासून घासून न जाणारी. "उत्पन्नाचं सराफापुढे लाजेने लिहिलं असेल. हे कोणापुढे लाजून लिहिलंत? इथे कोण उभं होतं मागे?"

मागे कोणीच उभं नव्हतं. पहिलं खोटं लिहिताना हात अडखळला होता, पानावर शाईचा ठिपका होता, झेरॉक्सवरही दिसत होता. सातव्या रकान्यात अक्षर कसं वळणदार आलं होतं.

"लिहून द्यायचंय ना, काय खोटं लिहिलं ते," मधली म्हणाली. "मग हेही द्या. व्यवसाय, काटे आणि वजनं दुरुस्ती. सोळा वर्षं. मजुरी..." ती थांबली. "मजुरी किती ते तुम्हीच लिहा."

"वहिनी, वेड लागलंय का?" धाकटा उठून उभा राहिला. "सोळा वर्षं बिनमजुरीची बाई कामाला ठेवली असं सहीने देणार? अहो, खटला उभा राहील! घरातलं घरात बघू ना आपण."

"घरातलं घरातच बघितलं सोळा वर्षं."

"आई," गुंज म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "आई, आज नको. तो उत्पन्नाचा आकडा तेवढा बदलू दे. ह्याच्यावरून त्यांनी काही शंका काढली तर? मला परत जायचंय ग. उद्या सकाळी आठला प्रॅक्टिकल आहे माझं."

मधलीने लेकीकडे पाहिलं, आणि दादांना दिसलं की ती डगमगली. ओठ मिटले, हात पुन्हा तासणीकडे गेला. तेवढ्यावर थांबलं असतं तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. त्यांना तेच हवं होतं. खोटं कशाला बोला.

आणि मग मोठी उठली. हातातला शर्ट पायरीवर टाकून ती टेबलाशी आली.

"लिहा हो," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू आत्ता शोरूम म्हणत होतीस."

"म्हणत होते. आता नाही म्हणत. तुम्ही तरी कुठे एका आकड्यावर टिकता! तिने तास तास शिसं तासायचं आणि वर येऊन माझ्याबरोबर भांडी घासायची, हे मी रोज बघते. मी बोलले नाही कारण बोलले असते तर उद्या माझाही सातवा रकाना काढावा लागला असता." ती धाकट्याकडे वळली. "आणि तुम्ही, भाऊजी, फोन ठेवा खिशात. बॅटरी संपेल."

दादांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. ज्या पानांवर वजनांचे दाखले देत त्याच गठ्ठ्यातला. पेनचं टोपण काढलं.

पहिली गोष्ट सोपी गेली. 'उत्पन्नाचा आकडा मी तिप्पट लिहिला. तो खोटा आहे. कारण मला लाज वाटली.' खरा आकडा लिहिला. आश्चर्य म्हणजे तो लिहिल्यावर छत कोसळलं नाही.

'मुलीच्या आईचा व्यवसाय मी काही नाही असा लिहिला. तोही खोटा आहे. त्या सोळा वर्षं माझ्या दुकानात काटे व वजनं दुरुस्त करतात. मजुरी,' आणि पेन थांबलं.

चार वाजले. बाहेर कोणीतरी शटरवर थाप मारली, वाट बघून निघून गेलं.

दादांनी लिहिलं, 'घरच्याप्रमाणे.'

मधली वाकून वाचत होती. "आकडा लिहा, दादा. वजनावर तुम्ही 'बऱ्यापैकी' असा शिक्का मारता का?"

त्यांनी ते शब्द खोडले. त्यांना वाटत होतं काही तरी निघेल. सणासुदीचं म्हणून, आजारपणाचं म्हणून, पोरीच्या वह्यापुस्तकांचं म्हणून, कधी तरी तिच्या हातावर काही ठेवलंच असेल. एकेक वर्ष डोळ्यांपुढून गेलं. जेवण, कपडा, छप्पर. ते सगळं मोठीलाही होतं, त्यांनाही होतं. त्याच्यावर काय? चिमट्याने उचलण्याएवढंही काही सापडेना.

त्यांनी शून्य काढलं. गोल, पूर्ण, दोन्ही टोकं नीट जुळवून. सही केली.

धाकटा शटरखालून वाकून बाहेर पडला आणि जाताना एवढंच म्हणाला, "गाडी बाहेर आहे. पायी गेलात तर पाच वाजतील."

त्याच्या गाडीतून खिडकीशी पोचले तेव्हा पाचाला बारा मिनिटं कमी होती. काचेमागच्या बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि कागद वाचला. एकदा वाचून पुन्हा वाचला. दादा दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवून उभे होते, मागे गुंज, तिच्या मागे मधली.

"कारणात लोक 'नजरचुकीने' लिहितात," बाई म्हणाल्या.

"नजरचूक नव्हती," दादा म्हणाले.

"आणि हे शून्य? इथे काही राहून गेलंय का?"

"नाही. तेवढंच आहे."

बाईंनी काचेतून मधलीच्या हातांकडे पाहिलं. मग दादांकडे पाहिलं, आणि ते पाहणं दादा मरेपर्यंत विसरणार नव्हते. मग त्यांनी शिक्का उचलून कागदावर मारला, आधीची यादी ओढली आणि एका नावावरची रेघ पुसली.

"नाव पटावर राहील. समिती सोमवारी बसेल. पण आधीच सांगते, निधी अर्धीच फी देतो. अर्धी घरून भरावी लागेल, दर महिन्याला थोडी थोडी. एक हप्ता चुकला तर मी काही करू शकणार नाही." त्या गुंजला म्हणाल्या, "प्रॅक्टिकलला जा उद्या."

गुंज रडली ती कॉलेजच्या जिन्यावर, आणि तेही भिंतीकडे तोंड करून. तिच्या आईने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. हात काळे होते आणि पोरीचा सदरा पांढरा होता. मग ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादांनी नवाला शटर उघडलं. स्टूल रिकामं होतं. साडेनऊ झाले, सराफाचा माणूस येऊन विचारून गेला. वरून भांड्यांचा आवाज येत नव्हता. दादांनी एक वजन उचलून स्वतः तासायचा प्रयत्न केला आणि शिशावर असा चर पाडला की ते पुन्हा भरायची वेळ आली.

दहाला मधली जिना उतरून आली. केस घट्ट बांधलेले. खिळ्यावरचा एप्रन काढून तिने गळ्यात घातला, पण पाठीमागची गाठ बांधली नाही. स्टुलावर बसलीही नाही. टेबलाच्या ह्या बाजूला, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभी राहिली.

"पोरगी गेली का?" दादांनी विचारलं.

"सातलाच." ती थांबली. "किती देणार?"

दादांनी आकडा सांगितला.

मधलीने हातही हलवला नाही. काटा थांबायची वाट बघावी तशी उभी राहिली, श्वाससुद्धा बेताने घेत. दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताने नासवलेल्या वजनाकडे पाहिलं, आणि दुसरा आकडा सांगितला.

मधलीने हात पाठीमागे नेऊन एप्रनची गाठ बांधली. टेबलाला वळसा घालून स्टुलावर बसली, ते वजन ओढून बुडातला चर अंगठ्याने चाचपला.

"फार खोल गेलंय. भरावं लागेल," ती म्हणाली. "शिसं तापत ठेवा."

सोळा वर्षांत ते काम दादांनी कधी केलं नव्हतं. ते उठले आणि शेगडी कुठे ठेवलेली असते ते शोधू लागले.